परदेशातील प्रतिमा (अमेरिकी अध्यक्षपदाच्या निवडणुकीतील)

अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या उमेदवाराविषयी इतर देशांतील सरकारे, वृत्तपत्रे आणि सामान्य लोक यांचे जे मत असते, त्याचा अमेरिकी मतदारावर होणारा परिणाम हा या नोंदीचा विषय आहे. अमेरिकेचा अध्यक्ष सैन्यदलांचा सरसेनापती असतो आणि परराष्ट्र व्यवहाराची सूत्रेही बव्हंशी त्याच्याच हाती असतात. त्यामुळे तो बाहेर कसा शोभेल, हा प्रश्न मतदाराला पडतोच. मात्र बाहेरच्यांना आवडणे आणि बाहेर शोभणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचा उमेदवाराला अनेकदा तोटाच झालेला दिसतो.

हा तोटा प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. १७९६ च्या निवडणुकीत फ्रान्सचे राजदूत प्येर आदे यांनी टॉमस जेफर्सन यांच्या बाजूने उघड खटपट केली आणि फिलाडेल्फियाच्या वृत्तपत्रातून आपल्या सरकारची नाराजी प्रसिद्ध केली. जॉन ॲडम्स ७१ विरुद्ध ६८ अशा निर्वाचक मतांनी निवडून आले. जेफर्सन यांना या मदतीचा किती फटका बसला हे मोजता येत नाही, पण विरोधकांच्या हाती आयते कोलीत मिळाले.

याहून बोलके उदाहरण १८८८ मधील ‘मर्चिसन पत्रा’चे. कॅलिफोर्नियातील जॉर्ज ऑसगुडबी या रिपब्लिकन गृहस्थाने चार्ल्स मर्चिसन हे खोटे नाव घेतले आणि आपण मूळचे इंग्रज असल्याची बतावणी केली. मत कोणाला द्यावे, असा भाबडा सल्ला त्याने ब्रिटनचे वॉशिंग्टनमधील प्रतिनिधी लायोनेल सॅकव्हिल-वेस्ट यांच्याकडे पत्राने मागितला. मुरलेला मुत्सद्दी असे पत्र केराच्या टोपलीत टाकता. सॅकव्हिल-वेस्ट यांनी उत्तर धाडले आणि पुन्हा उमेदवार असलेले अध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलंड यांचे सरकार ब्रिटनशी स्नेहाने वागेल, असे त्यात सूचित केले. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात हे उत्तर लॉस एंजेलिसच्या वृत्तपत्रात छापले गेले. न्यूयॉर्कमधील आयरिश मतदारांच्या लेखी इंग्रजांची मर्जी म्हणजे कलंकच होता. क्लीव्हलंड यांनी सॅकव्हिल-वेस्ट यांना परत पाठवले, पण वेळ निघून गेली होती. न्यूयॉर्क सुमारे १४ हजार मतांनी हातचे गेले आणि त्याबरोबर ३६ निर्वाचक मते. देशभरात अधिक मते मिळवूनही ते हरले. न्यूयॉर्कच्या पराभवाला स्थानिक पक्षांतर्गत भांडणेही कारण होती. सारे खापर एका पत्रावर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका महासत्ता झाली आणि जगात देशाची पत काय, हा प्रचाराचा उघड मुद्दा बनला. १९६० च्या निवडणुकीत तो ऐरणीवर होता. रिचर्ड निक्सन यांनी आदल्या वर्षी मॉस्कोतील अमेरिकी प्रदर्शनात स्वयंपाकघराच्या नमुन्यापुढे उभे राहून सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी वाद घातला होता. ती दृश्ये अमेरिकी दूरचित्रवाणीवर झळकली आणि शत्रूला तोंडावर सुनावणारा नेता अशी त्यांची छबी तयार झाली. जॉन केनेडी यांनी त्यावर वेगळा डाव टाकला. सोव्हिएत उपग्रह स्पुटनिकनंतर जगात अमेरिकेची पत घसरली असल्याचा आरोप ते सभांतून करत राहिले. सरकारने परदेशांत करून घेतलेल्या गोपनीय जनमत पाहण्या ऐन प्रचारात वृत्तपत्रांच्या हाती लागल्या आणि आरोपाला पुष्टी मिळाली. इथे परदेशी मत उमेदवाराबद्दलचे नव्हते, देशाबद्दलचे होते; म्हणूनच ते चालले. केनेडी सुमारे १ लाख १३ हजार मतांनी पुढे राहिले.

परराष्ट्र विषयातील अज्ञान मतदार किती मनावर घेतो, याचे उत्तर एकसारखे नाही. १९७६ च्या वादविवादात पूर्व युरोपवर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे जेराल्ड फोर्ड बोलून गेले आणि पोलिश वंशाच्या मतदारांसमोर त्यांना खुलासे करत बसावे लागले. उलट १९९९ मध्ये बोस्टनच्या एका वार्ताहराने जॉर्ज बुश (धाकटे) यांना चेचन्या, तैवान, भारत आणि पाकिस्तान यांच्या नेत्यांची नावे विचारली, तेव्हा त्यांना तैवानचे अर्धेमुर्धे नाव तेवढे सांगता आले. अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव न येऊनही ते पुढच्या वर्षी अध्यक्षपदी निवडून आले. फोर्ड यांची चूक मतदारांच्या एका गटाच्या मर्मावर बसली होती. बुश यांची चूक कोणालाच बोचली नाही.

इराक युद्धानंतरच्या २००४ च्या निवडणुकीत हा विषय टोकाला गेला. ३५ देशांतील एका पाहणीत ३० देशांनी बुश यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी यांना पसंती दिली. भारतातील मत दुभंगलेले होते. परदेशी नेत्यांना आपण निवडून यायला हवे आहोत, असे केरी यांनीच मार्चमध्ये सूचित केल्यावर प्रतिपक्षाने नावे सांगा म्हणून पिच्छा पुरवला. त्यांना फ्रेंच येते, हाही दोष ठरला. ब्रिटनच्या ‘गार्डियन’ वृत्तपत्राने ओहायोतील क्लार्क काउंटीच्या मतदारांना पत्रे लिहिण्याचे आवाहन वाचकांना केले. तिथून संतापाची उत्तरे आली. २००० मध्ये अल गोर यांना थोडक्यात आघाडी देणारी ही काउंटी या वेळी बुश यांच्याकडे गेली.

बराक ओबामा यांनी २४ जुलै २००८ रोजी बर्लिनच्या विजयस्तंभापाशी सुमारे दोन लाखांच्या गर्दीपुढे भाषण केले. सहाच दिवसांत जॉन मॅकेन यांच्या प्रचारकांनी तीच गर्दी जाहिरातीत दाखवून ओबामांना पॅरिस हिल्टन आणि ब्रिटनी स्पिअर्स यांच्या पंक्तीला बसवले. तरीही ओबामा जिंकले. त्याचे मोठे श्रेय सप्टेंबरमध्ये कोसळलेल्या अर्थव्यवस्थेला जाते. पण अननुभवी म्हणून हिणवला जाणारा उमेदवार जागतिक व्यासपीठावर अवघडला नाही, एवढे त्या दौऱ्याने दाखवले. २०१२ मध्ये मिट रॉम्नी यांचे उलटे झाले. लंडनला जाऊन त्यांनी ऑलिंपिकच्या तयारीवर शंका घेतली आणि यजमानांचीच बोलणी खाल्ली.

डोनाल्ड ट्रम्प यांनी हे गणित फिरवले. जग अमेरिकेला हसते, हे त्यांचे पालुपद १९८७ पासूनचे. तेव्हा त्यांनी तीन मोठ्या वृत्तपत्रांत पानभर जाहिराती दिल्या होत्या. युरोपातील नापसंती हा त्यांच्या पाठीराख्यांना पुरावाच वाटतो. मात्र सप्टेंबर २०२४ च्या वादविवादात आपल्या वकुबाची साक्ष म्हणून त्यांनी हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान यांचे नाव घेतले. परदेशी प्रशस्तिपत्र त्यांनाही नकोसे नसते, ते कोणाचे यावर सारे अवलंबून.

मतदाराला परराष्ट्र धोरणात रस नसतो, हे राज्यशास्त्रातील जुने मत. जॉन ऑल्ड्रिच, जॉन सलिव्हन आणि युजीन बॉर्जिडा यांनी १९८९ च्या लेखात ते खोडून काढले : उमेदवारांत स्पष्ट फरक असेल, तर मतदार तो ओळखतो आणि मत देताना वापरतो.

स्थलांतरितांच्या बाबतीत ‘परदेश’ म्हणजे मूळ देश. २०१६ मध्ये ट्रम्प यांनी जाहिरातीत ‘अब की बार ट्रम्प सरकार’ म्हटले, तर २०१९ मध्ये ह्यूस्टनला सुमारे ५० हजार भारतीयांपुढे ते पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्यासह उभे राहिले. मराठी भाषक कुटुंबेही ज्याचा भाग आहेत, त्या भारतीय-अमेरिकी समाजाची २०२० च्या निवडणुकीआधी कार्नेगी संस्थेने पाहणी केली. नोंदणीकृत मतदारांपैकी ७२ टक्क्यांचा कल जो बायडन यांच्याकडे, तर २२ टक्क्यांचा ट्रम्प यांच्याकडे होता. अर्थव्यवस्था आणि आरोग्यसेवा हे त्यांचे मुख्य मुद्दे होते. भारत-अमेरिका संबंध यादीत जवळजवळ तळाशी होते.