'सेटलमेंट' : एका शब्दाची दोन घराणी

इंग्रजीतले काही शब्द आपल्या मराठीत इतके मुरले आहेत की ते परके आहेत याची आठवण करून द्यावी लागते. 'सेटल' हा त्यातलाच एक. लग्नाचे स्थळ आले की पहिला प्रश्न, "मुलगा सेटल आहे ना?" पुण्यात फ्लॅट घेतला की तो सेटल, आणि अमेरिकेत ग्रीन कार्ड मिळाले की पक्का सेटल! भाऊबंदकीचा दावा कोर्टाबाहेर मिटला की "मॅटर सेटल झालं" म्हणायचे. बँकेचे थकलेले कर्ज थोडी सूट घेऊन मिटवले तर ते 'वन टाइम सेटलमेंट'. गिरणी बंद पडल्यावर कामगाराच्या हातात जो शेवटचा चेक पडतो, तो 'फुल अँड फायनल सेटलमेंट'चा.

आम्हा सोलापूरकडच्या जुन्या माणसांना मात्र हा शब्द ऐकला की यातले काहीच आधी आठवत नाही. आमच्या डोळ्यांपुढे तारेचे कुंपण येते. वळसंगहून सोलापूरला कामाधंद्यासाठी जाणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'सेटलमेंट' म्हणजे एक ठिकाण होते, आणि त्या ठिकाणाचे नाव ते थोडा आवाज खाली करूनच घेत. एकच शब्द मुलासाठी आशीर्वाद आणि दुसऱ्या कुणासाठी शिक्षा कसा झाला, याचा माग काढावासा वाटला. म्हणून हा लेख.

आधी शब्दाचे मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत 'सेट्ल' म्हणजे बसण्याची जागा. उंच पाठीच्या लाकडी बाकाला इंग्रजीत अजूनही 'सेटल' म्हणतात. त्यावरून बसवणे, स्थिर करणे, वस्ती करणे असे अर्थ आले. इंग्रजीतले 'सिट' आणि 'सीट' हे याच कुळातले. गंमत म्हणजे आपल्या संस्कृतातला 'सद्' हा धातूही त्याच कुळातला. सदन, परिषद, संसद, सभासद हे सारे त्या 'सद्'पासूनच बनले. गुरूच्या जवळ खाली बसणे हा भाव ज्यात आहे ते 'उपनिषद'सुद्धा त्याच धातूचे. म्हणजे 'सेटलमेंट' आणि 'संसद' ही दूरच्या नात्याने भावंडे म्हणायची.

पण भांडण 'सेटल' होते, तो अर्थ कुठून आला? जुन्या इंग्रजीत समेट घडवणे या अर्थाचा एक वेगळाच शब्द होता. उच्चार साधारण 'साख्तलियन' असा. पुढे दोन्ही शब्दांचे उच्चार जवळ आले आणि समेटाचा अर्थ 'सेटल'मध्ये मिसळून गेला, असे व्युत्पत्तिकार मानतात. थोडक्यात, या शब्दाला दोन घराणी आहेत. एक बसवण्याचे आणि दुसरे समेटाचे. बसवायला एकटा बसवणारा पुरतो, समेटाला दोघे लागतात. पुढचा सगळा इतिहास वाचताना एवढा फरक ध्यानात ठेवावा.

इंग्रजांनी हा शब्द प्रथम स्वतःच्याच गरिबांवर चालवला. १६६२ साली दुसऱ्या चार्ल्सच्या काळात तिथे एक कायदा झाला. गरीब माणसाची 'सेटलमेंट' ज्या पॅरिशमध्ये, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावात, त्या गावाने त्याला पोसायचे. तो दुसऱ्या गावी जाऊन राहू लागला आणि तिथल्या मदतीवर त्याचा भार पडेल अशी शंका आली, तर ४० दिवसांच्या आत तक्रार करून त्याला मूळ गावी धाडता येई. फिरणारा गरीब माणूस म्हणजे संशयित, ही समजूत तिथे तेव्हापासूनच कायद्यात बसलेली होती.

मग हा शब्द जहाजात बसून आपल्याकडे आला. शाळेत आपण 'कायमधारा' शिकलो, ती १७९३ सालची कॉर्नवॉलिसची बंगालमधली पर्मनंट सेटलमेंट. आपल्याकडे १८१८ साली पेशवाई गेली, त्यानंतर प्रिंगल नावाच्या साहेबाने जमीन मोजून सारा ठरवला. तो इतका जड झाला की शेतकरी गावे सोडून जाऊ लागले. तेव्हा १८३५-३६ च्या सुमारास गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यापासून नवी मोजणी केली. जमिनीची प्रत पाहून आकार बसवला आणि तो ३० वर्षे बदलणार नाही अशी हमी दिली. मुंबई इलाख्यातल्या रयतवारीची घडी बसली ती या कामावर. सातबाऱ्यावर आपण आजही जी 'आकारणी' पाहतो, तिचे मूळ याच घराण्यात सापडते.

या 'सेटलमेंट'चा मराठी सरकारी प्रतिशब्द ठाऊक आहे ना? जमाबंदी! पुण्यात जमाबंदी आयुक्तांचे कार्यालय आहे, त्यांच्या इंग्रजी पदनामात आजही 'सेटलमेंट कमिशनर' आहे. इंग्रजीत समेटाचा भास होतो, मराठीत 'बंदी' उघडच दिसते. ३० वर्षे संपल्यावर फेरजमाबंदीत आकार वाढले, आणि १८७५ साली पुणे-नगर भागात सावकारांविरुद्ध जे दंगे झाले त्यांच्या कारणांत या वाढीव साऱ्याचाही समावेश होता. आकार बसवला सरकारने. त्यात रयतेचे मत कुणी विचारले नव्हते.

जमीन बसवून झाल्यावर माणसे बसवायची पाळी आली. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला. तो आधी उत्तर हिंदुस्थानात लागू झाला. १९११ च्या नव्या कायद्याने त्याची व्याप्ती देशभर झाली आणि मुंबई इलाखाही त्यात आला. या कायद्याने माणसाच्या हातून काय घडले हे न पाहता तो कुठल्या जमातीत जन्मला यावरून त्याला गुन्हेगार ठरवले. मीठ-धान्य वाहणारे, टोपल्या विणणारे, जात्याला टाकी लावणारे, शिकार करणारे, असे किती तरी फिरते लोक त्यात सापडले. रेल्वे आल्यावर यातल्या कित्येकांचा पिढीजात धंदा आधीच बुडाला होता. १९११ च्या कायद्यात अशा लोकांना ठरावीक जागी कोंडून ठेवण्याची सोय होती, आणि त्या जागेचे नाव 'सेटलमेंट'!

सोलापुरात कापड गिरण्या होत्या, त्यांना मजूर हवे होते. इथली सेटलमेंट इलाख्यातल्या मोठ्या सेटलमेंटपैकी एक झाली. कैकाडी, टकारी, कंजारभाट, पारधी अशा अनेक जमातींची माणसे कुंपणाच्या आत आली. हजेरी द्यायची, बाहेर जायचे तर पास घ्यायचा, गिरणीत काम करून पुन्हा आत यायचे. आत मुलांसाठी शाळा होत्या, हेही सांगितले पाहिजे. या खात्याचे प्रमुख ओ. एच. बी. स्टार्ट हे होते. दलित आणि आदिवासींच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९२८ साली नेमलेल्या ज्या समितीवर डॉ. आंबेडकर सभासद होते, ती स्टार्ट समिती यांच्याच नावाची. स्टार्टसाहेबांचा हेतू सुधारणेचा होता असे मानले, तरी कुंपणाचे फाटक बाहेरूनच उघडत होते.

ज्यांची वागणूक समाधानकारक वाटे त्यांना कुंपणाबाहेर राहू देत. त्या वस्तीला नाव पडले 'फ्री कॉलनी'. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभरातून गेला. तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. १९६० साली पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन सेटलमेंटची तार तोडली, अशी आठवण इकडे सांगतात. पण १९५९ साली सराईत गुन्हेगारांचा नवा कायदा मुंबई राज्यात झालाच, आणि चोरी झाली की आधी कुणाच्या दारात जायचे ही पोलिसांची सवयही गेली नाही. कैकाडी समाजातल्या लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनाला १९८१ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्या पुस्तकाचे नाव 'उपरा'. 'सेटल'च्या बरोबर विरुद्ध अर्थाचा शब्द मराठीत शोधायचा झाला, तर याहून नेमका मला तरी सापडत नाही.

सोलापुरात 'सेटलमेंट फ्री कॉलनी' हा पत्ता आजही पाकिटांवर लिहिला जातो. मी तिथे शिकवत असताना त्या पत्त्यावरून येणाऱ्या आठवीतल्या एका मुलाने मला विचारले होते, "सर, सेटलमेंट म्हणजे वसाहत ना? मग बाकीच्या वसाहतींच्या नावात 'फ्री' का नाही?" मी त्याला हा सारा इतिहास सोप्या शब्दांत सांगितला. वर्ग एरवी कधी नव्हता इतका शांत होता. सगळे ऐकून घेतल्यावर तो एवढेच म्हणाला, "म्हणजे बाकीचे लोक फ्रीच होते."

डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र शासनाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. तो योग्यच आहे. 'सेटलमेंट' हे जातीचे नाव नाही, तेव्हा त्याचे काय करायचे हे तिथल्या रहिवाशांनी ठरवावे, आपण बाहेरच्यांनी नव्हे. १९११ नंतर त्यांच्या आजोबा-पणजोबांचे सगळे दुसऱ्यांनीच ठरवले होते. निदान नाव तरी त्यांना विचारून ठरावे. या शब्दातला समेटाचा अर्थ आमच्या सोलापुरात अजून यायचा राहिला आहे, तो अशाने थोडा जवळ येईल.