दक्षिण टायरोल : भूगोल, भाषा आणि स्वायत्त प्रशासन

इटलीच्या उत्तर टोकास असलेला बोल्झानो अथवा दक्षिण टायरोल हा सुमारे ७,४०० चौरस किलोमीटरचा आल्प्समधील प्रांत होय. आदिजे व तिला मिळणारी इसार्को या नद्यांच्या खोऱ्यांत मुख्य वस्ती आढळते. १९१९ च्या सेंट जर्मेन तहान्वये ब्रेनर खिंडीजवळील जलविभाजक ऑस्ट्रिया-इटलीची सीमा ठरला. भौगोलिकदृष्ट्या ही रेषा सयुक्तिक भासली, तरी तिच्या दक्षिणेस बहुसंख्य जनता जर्मन भाषिक होती. फॅसिस्ट राजवटीने जर्मन शाळा बंद केल्या व स्थलनामांचे इटालियनीकरण केले.

१९४६ च्या ग्रुबर-दे गास्पेरी कराराने या जनतेस स्वायत्ततेचे आश्वासन मिळाले. तथापि १९४८ च्या कायद्याने महत्त्वाचे अधिकार त्रेंतिनोसह बनविलेल्या संयुक्त प्रदेशास दिले. तेथे इटालियन भाषिक बहुसंख्य असल्याने आश्वासन निष्प्रभ ठरले. १९६० मध्ये ऑस्ट्रियाने हा प्रश्न संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत मांडला. अखेर १९७२ च्या दुसऱ्या स्वायत्तता कायद्याने बहुतांश अधिकार प्रांताकडे आले. सरकारी नोकऱ्यांची विभागणी जर्मन, इटालियन व लादिन भाषागटांच्या प्रमाणात होऊ लागली. १९९२ मध्ये ऑस्ट्रियाने वाद मिटल्याचे जाहीर केले.

तात्पर्य, सीमारेषेने निर्माण केलेला प्रश्न सीमा न बदलता, अधिकारांच्या फेरवाटपाने सुटला. मात्र अशा नोकरीसाठी भाषागट घोषित करावा लागतो आणि जर्मन व इटालियन शाळाही स्वतंत्र आहेत. अल्पसंख्याकांचे रक्षण करणारी हीच व्यवस्था समाजातील विभागणीही टिकवून ठेवते, हे नजरेआड करता येत नाही.