एका ओळीपुरता श्वास

मोठ्या अपघातानंतर एखादा कलावंत पुन्हा लोकांसमोर आला, की तो ‘बरा झाला’ असे आपण सहज म्हणून जातो. कर्टिस मेफील्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन गायक-गीतकाराच्या बाबतीत हा शब्द जपूनच वापरावा लागतो.

कर्टिसचा जन्म १९४२ साली शिकागोत झाला. घरची गरिबी, आजी धर्मोपदेशिका. तिच्या प्रार्थनामंदिरातच त्याचा गळा तयार झाला. पियानोच्या काळ्या पट्ट्यांवर त्याची बोटे आधी रुळली आणि पुढे गिटार हाती आली तेव्हा तिच्या ताराही त्याने त्याच सुरांत मिळवल्या. शिकवायला गुरू नव्हता. म्हणून ही रीत जगावेगळी आहे, असे सांगणाराही कोणी भेटला नाही. ती गिटार दुसऱ्याने उचलली, तर नेहमीच्या बोटांखाली नेहमीचे सूर निघत नसत!

‘इम्प्रेशन्स’ या गायकवृंदातून १९५८ मध्ये तो पुढे आला. १९६५ सालचे त्याचे ‘पीपल गेट रेडी’ हे गीत नागरी हक्कांच्या चळवळीने आपलेसे केले. १९६८ मध्ये त्याने स्वतःची ध्वनिमुद्रिका-कंपनी काढली. १९७२ च्या ‘सुपर फ्लाय’ चित्रपटात पडद्यावर कोकेन विकणाऱ्याचा थाट होता. कर्टिसची गाणी मात्र त्या धंद्यापायी होणारा नाश सांगत होती.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिनमधील एका खुल्या मैदानात तो गाण्यासाठी मंचावर आला. इतक्यात वावटळीने दिव्यांचा सांगाडा त्याच्या अंगावर कोसळला. एक सूरही लागला नव्हता. वयाच्या ४८ व्या वर्षी मानेखालचे शरीर लुळे पडले आणि गिटार कायमची सुटली.

पण गाणेही जवळजवळ सुटलेच होते. गायकाचा दम छातीच्या आणि पोटाच्या स्नायूंवर चालतो; ते निकामी झाले, की श्वासपटलावरच सारी भिस्त राहते. बसले तर श्वास पुरत नाही. उताणे निजले, की पोटाचा भार त्या पटलाला वर रेटतो आणि श्वासाला थोडा वाव मिळतो. कर्टिस असाच निजून गायला. एका दमात जेमतेम ओळ-दोन ओळी, मग विसावा, मग पुढची ओळ. अशा तुकड्यांतून जुळवलेली ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ ही ध्वनिमुद्रिका १९९६ मध्ये निघाली.

दुखणे हटले नाही. १९९८ मध्ये मधुमेहामुळे त्याचा एक पाय कापावा लागला आणि २६ डिसेंबर १९९९ रोजी तो वारला. शरीराने त्याला काहीच परत दिले नव्हते. त्याने मिळवले ते एवढेच, की जो श्वास उरला होता त्याच्या मापाने गाणे बेतायचे. त्याला ‘बरे होणे’ म्हणता येणार नाही. गाणे मात्र म्हणावेच लागेल.