शकुंतलेचा मालक कोण?

परवा नातवाने पुण्याहून मोबाईलवर एक मजकूर पाठवला. "भारतातली एकमेव रेल्वे, जी आजही इंग्रजांच्या मालकीची आहे! दरवर्षी लंडनला भाडं जातं!" खाली त्याचा प्रश्न, "आबा, ही तुमचीच शकुंतला ना? खरं आहे का हे?"

मंडळी, मी ओशाळलो. कारण हीच गोष्ट मी कितीतरी वर्षं इतिहासाच्या तासाला मोठ्या आवेशाने सांगितली आहे. मुलं चिडायची, मला बरं वाटायचं. निवृत्तीनंतर जरा वाचन झालं तेव्हा कळलं, मास्तर अर्धंच शिकवत होते!

गोष्ट सुरू होते कापसापासून. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिथला कापूस मिळेना, आणि मँचेस्टरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जीआयपी, नागपूरला पोचली. तिचा मार्ग अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा. आमचं यवतमाळ बाजूलाच राहिलं. इथला कापूस बैलगाड्यांनी स्टेशन गाठायचा.

ही उणीव हेरली किलिक निक्सन या मुंबईच्या इंग्रज कंपनीने. ती १८५७ सालची. तिने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि अडीच फुटी रुळांचे मार्ग उभे राहिले. मूर्तिजापूरहून एक फाटा यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. दुसरा अचलपूरला, सुमारे ७६. शिवाय पुलगाव-आर्वीचा वेगळा मार्ग होताच. रूळ कंपनीचे, गाड्या चालवायची जीआयपी, आणि उत्पन्नातला वाटा कंपनीला, असा करार.

१९५१ साली जीआयपी जाऊन मध्य रेल्वे आली. पण या छोट्या कंपनीचे मार्ग सरकारने ताब्यात घेतले नाहीत. करार तसाच चालू राहिला. तिकडे बार्शी लाईट रेल्वेसुद्धा अशीच अडीच फुटी, अशीच खाजगी. ती १९५४ साली सरकारने घेतली आणि पुढे तिथे ब्रॉडगेज झालं.

आणि इंग्रज? अहो, स्वातंत्र्यानंतर किलिक निक्सनच भारतीय मालकांच्या हाती गेली होती! म्हणजे मी वर्गात ज्याला शिव्या घालत होतो तो साहेब केव्हाच आपल्या घरी गेला होता.

मग शकुंतला थकली कशाने? रूळ दुसऱ्याचे म्हणून रेल्वे त्यात पैसा घालेना. उत्पन्न तुटपुंजं म्हणून कंपनी घालेना. घर भाड्याचं, गळकं छप्पर कोणी शाकारायचं, तसलाच प्रकार. वेग कमी होत होत ताशी वीस किलोमीटरवर आला.

मी बी.ए.ला अमरावतीला होतो. दारव्हा मोतीबागला गाडीत बसायचं, मूर्तिजापूरला मोठी गाडी धरायची, बडनेऱ्याला पुन्हा उतरायचं. आईने बांधून दिलेली भाकरी कारंजा येईपर्यंत संपलेली असे. डोळ्यात कोळशाचे कण, पांढरा सदरा काळा. तेच मँचेस्टरचं १९२१ सालचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत राबलं! नंतर डिझेल आलं. शेवटी शेवटी गार्डच तिकिटं फाडायचा.

पण तिकीट एसटीपेक्षा कितीतरी स्वस्त. आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईंचं माहेर कारंज्याकडे. महिन्या-दोन महिन्यांनी त्या जाऊन यायच्या, येताना गुरुमंदिराचा प्रसाद आणायच्या. २०१६ च्या सुमारास गाडी बंद पडली. त्यानंतर एकदा मी विचारलं, "बाई, बऱ्याच दिवसांत प्रसाद नाही?" त्या म्हणाल्या, "गुर्जी, यष्टीनं पोरांना घेऊन जाणं परवडते का? दिवाळीला जाईन."

ते ऐकल्यापासून मला इंग्रजांचा राग तितकासा येत नाही. सगळा दोष साहेबावर टाकला की आपण मोकळे होतो. पासष्ट वर्षं हातात असताना ही गाडी ना विकत घेतली, ना सुधारली, याचा जाब मग कोणी कोणाला विचारायचा?

ब्रॉडगेजच्या घोषणा झाल्या. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गावर कळंबपर्यंत गाडी आली. आनंदच आहे. पण ती दिशा वेगळी. ती काही कारंज्याहून जात नाही.

असो. नातवाला उत्तर लिहिलं, "बाळा, मालक इंग्रज नव्हता. मालक कोण हे ठरवायला आपण फार वेळ लावला." माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर वहीत तेवढी दुरुस्ती करून घ्यावी.