आटपाडीचें स्वराज्य

मुंबईच्या वाचकानें आटपाडीचें नांव ऐकलें असेल तर बहुधा दुष्काळाच्या वार्तेंतच. माणदेशांतील हा कोरडा मुलूख. गिरण्यांच्या भरभराटीच्या काळीं घाटावरून जीं हजारों माणसें पोटासाठीं लालबाग-परळला उतरलीं, त्यांच्यामागें असलींच गांवें होतीं. अशा मुलखापासून राज्यकारभाराचा धडा घ्यावा, असें आम्हां शहरवासीयांच्या मनांत सहसा येत नाहीं.

आज सांगली जिल्ह्यांत असलेला हा भाग १९४८ पर्यंत औंध संस्थानाचा होता. संस्थान तें केवढें? सुमारें ५०० चौरस मैल व ७२ गांवें. तींहि इंग्रजी मुलखांत तुकड्यातुकड्यांनीं विखुरलेलीं. राजे भवानराव पंतप्रतिनिधि सूर्यनमस्कारांचे कट्टे प्रचारक व स्वतः चित्रकार. या गृहस्थानें १९३८ च्या नोव्हेंबरांत सर्व सत्ता प्रजेच्या हातीं देण्याचें जाहीर केलें. त्यांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत व पोलंडांत जन्मलेले अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनीं गांधीजींच्या सल्ल्यानें घटना सिद्ध केली व १९३९ च्या जानेवारींत ती अमलांत आली.

तिची रचना खालून वर जाणारी. गांवानें पांच पंच निवडावे, पंचायतींच्या अध्यक्षांनीं तालुका समितींत बसावें, आणि तेथून संस्थानाच्या विधिमंडळांत प्रतिनिधि जावे. मतदारास लिहितांवाचतां आलें पाहिजे, हा गांधीजींचा आग्रह. ही अट आम्हांस खटकते. ज्या धनगरास वा बलुतेदारास कोणीं कधीं पाटीच दिली नाहीं, त्यानें आधीं अक्षर गिरवावें व मग नागरिक व्हावें, हा न्याय उफराटाच म्हणावयाचा. मात्र यामुळें लोकांस शिकविण्याची जबाबदारी राज्याच्या अंगावर येऊन पडली, हेंहि नाकारतां येत नाहीं.

याच काळांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसलें. भिंतीवांचून तुरुंग! शिक्षा झालेल्या माणसांनीं कुटुंबासह तेथें राहून शेती करावी, ही कल्पना. १९५७ सालचा शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा बोलपट यावरूनच स्फुरला. त्याचे कथालेखक ग. दि. माडगूळकर यांचा जन्महि याच भागांतील शेटफळ्याचा.

राजानें दिलेलें तें स्वराज्य कसलें, असा आक्षेप घेतला जातो. आम्हांस त्याहून मोठा प्रश्न दिसतो तो शेवटाचा. ८ मार्च १९४८ रोजीं दक्षिणी संस्थानें मुंबई प्रांतांत विलीन झालीं. विलीनीकरण अटळ होतें, इष्टहि होतें. परंतु संस्थानाबरोबर औंधची घटनाहि गेली. सरंजामी राज्यें मोडतांना हें एक निराळें आहे, असा भेद कोणीं केला नाहीं. पुढें १ मे १९६२ रोजीं महाराष्ट्रांत जिल्हा परिषदा व पंचायत समित्या सुरू झाल्या व त्यांचें नव्या युगाचा आरंभ म्हणून स्वागत झालें. आटपाडीच्या मुलखांत तालुक्याची समिति ही कल्पना तेव्हां तेवीस वर्षांची जुनी होती.