पर्यावरणाचा पेपर, खेळाचे क्रेडिट : पदवीत किती, नोकरीत किती?

बारावीचे निकाल लागले की दरवर्षी दोन-तीन पालक तरी गाठतात. ‘पोरगा अभ्यासात बेताचाच, पण डोंगर, पोहणं, कबड्डी म्हटलं की पुढं. त्यातच काही शिकता येईल का?’ उत्तर ‘येईल’ असंच आहे. अडचण अशी की ‘पर्यावरण’ आणि ‘क्रीडा’ या दोन नावांखाली बऱ्याच वेगवेगळ्या गोष्टी शिकवल्या जातात. कुठला कागद कुठे चालतो, हे प्रवेश घेताना कुणी धड सांगत नाही.

माझ्या ओळखीतला खानापूर भागातला एक मुलगा बी.ए. झाला आणि त्याने एका खासगी संस्थेत वर्षभराचा ‘क्रीडा डिप्लोमा’ केला. पुढे एका शाळेत क्रीडाशिक्षकाची जागा निघाली. जाहिरातीत मान्यताप्राप्त बी.पी.एड. मागितलं होतं. याचा डिप्लोमा कुणी हातातसुद्धा घेतला नाही. वर्षही गेलं आणि फीही. तसं आणखी कुणाचं होऊ नये म्हणून ही माहिती एका जागी.

सगळ्यांना असणारा पर्यावरणाचा पेपर

बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी., इंजिनिअरिंग, काहीही घ्या, पर्यावरणाचा पेपर चुकत नाही. हे विद्यापीठाच्या लहरीवर आलेलं नाही. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी आदेश दिला की पर्यावरण हा विषय शिक्षणात सक्तीचा करा. अंमलबजावणी रेंगाळली. २००३ मध्ये न्यायालयाला पुन्हा कान उपटावे लागले. त्यानंतर यूजीसीचा सहा महिन्यांचा अभ्यासक्रम पदवीला लागला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातल्या डॉ. एरच भरूचा यांनी लिहिलं. माझं बी.कॉम. त्याआधीच आटोपलं होतं, त्यामुळे मी सुटलो.

त्या अभ्यासक्रमात आठ घटक होते. नैसर्गिक साधनसंपत्ती, परिसंस्था, जैवविविधता, प्रदूषण, सामाजिक प्रश्न, लोकसंख्या वगैरे. आठवा घटक क्षेत्रभेटीचा. जवळची नदी, जंगल, डोंगर किंवा माळ बघायचा, एखादी प्रदूषित जागा बघायची, साधी झाडं, कीटक, पक्षी ओळखायचे आणि त्यावर अहवाल लिहायचा. १०० पैकी २५ गुण या कामाला. कागदावर उत्तमच. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी मागच्या वर्षीच्या मुलाची फाईल घ्यायची, वरचं नाव बदलायचं आणि सादर करायची, असा रिवाज पडला. गुणही सरसकट मिळतात, म्हणून कुणाची तक्रार नसते.

याचं वाईट आपल्या भागात जास्त वाटतं. मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, म्हादई खानापूरच्याच रानातून गोव्यात उतरते. २०११ मध्ये अभयारण्य झालेलं भीमगड इथलंच. तिथल्या बारापेडे गुहेत राहणारं रॉटन वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. म्हादईच्या पाण्यावरून दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडतात आणि त्याच तालुक्यातला पदवीधर इंटरनेटवरून उतरवलेला गंगेचा प्रकल्प जमा करतो.

यूजीसीने २०२३ मध्ये नवी मार्गदर्शक तत्त्वं आणली. पर्यावरण शिक्षणाला पदवीत किमान चार क्रेडिट, आणि त्यात वर्गातल्या शिकवण्याबरोबर क्षेत्रकार्यही. एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरमध्ये साधारण १५ तास व्याख्यान किंवा ३० तास प्रत्यक्ष काम, एवढा हिशेब लक्षात ठेवला तरी कॉलेजला प्रश्न विचारता येतो.

खेळाचे क्रेडिट

पूर्वी खेळ म्हणजे जिमखाना. संघात निवड झाली तर खेळा, नाहीतर बाहेर बसून टाळ्या वाजवा. डिसेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पदवीचा जो आराखडा दिला, त्यात मूल्यवर्धित विषयांना सहा ते आठ क्रेडिट ठेवले. पर्यावरण त्यातच येतं आणि आरोग्य, योग, क्रीडा व तंदुरुस्ती हेही त्यातच. म्हणजे स्पर्धेत न उतरणाऱ्या, नुसत्या आवडीने खेळणाऱ्या मुलालाही खेळाचे गुण मिळू शकतात. हा बदल मला मोठा वाटतो. मैदानावर येणाऱ्या दहा मुलांतली नऊ स्पर्धक नसतातच, त्यांना फक्त घाम गाळायचा असतो.

बेळगावच्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठात वेगळीच पद्धत. २०२२ च्या योजनेनुसार तिसऱ्या ते सहाव्या सेमिस्टरपर्यंत एनएसएस, शारीरिक शिक्षण किंवा योग यांतलं एक घ्यावंच लागतं. त्याला क्रेडिट शून्य, पण पूर्ण केलं नाही तर पदवी अडते. शिवाय एआयसीटीईचे १०० अॅक्टिव्हिटी पॉइंट वेगळे. शेवटच्या वर्षाला धावाधाव करणारी इंजिनिअरिंगची पोरं बघितलीत तर हेच कारण असतं.

पण एक गोष्ट पक्की ध्यानात घ्या. हे क्रेडिट पदवी पुरी करण्यासाठी आहेत. पर्यावरणाचा पेपर पास झालात म्हणून कुणी पर्यावरण अधिकारी होत नाही आणि खेळाचे दोन क्रेडिट घेतले म्हणून क्रीडाशिक्षकही होत नाही.

शिक्षक, प्रशिक्षक आणि गाईड : तीन वेगळ्या वाटा

सगळा गोंधळ इथेच होतो.

शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक व्हायचं तर एनसीटीईची मान्यता असलेला कोर्स हवा. बारावीनंतर दोन वर्षांचं डी.पी.एड. किंवा पदवीनंतर दोन वर्षांचं बी.पी.एड. बी.पी.एड.ला कुठल्याही शाखेची पदवी चालते, मात्र टक्केवारीची आणि खेळातल्या सहभागाची अट असते. तेव्हा तालुका-जिल्हा पातळीवर खेळल्याची प्रमाणपत्रं आजच एका फाईलमध्ये लावा. महाराष्ट्रात बी.पी.एड.साठी सीईटी आहे आणि त्यात मैदानी चाचणीही होते. बी.पी.ई.एस. नावाची तीन वर्षांची पदवी असते, ती म्हणजे बी.पी.एड. नव्हे. नावं सारखी वाटतात, भरतीच्या वेळी फरक कळतो.

प्रशिक्षक म्हणजे कोच. त्याचा कागद वेगळा. पतियाळाच्या नेताजी सुभाष राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा यात सगळ्यांत जास्त मानला जातो. ही संस्था १९६१ पासून आहे आणि तिथे सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र कोर्सही चालतात. एनआयएस केलेला कोच अकादमीत चालेल, पण तेवढ्यावर शाळेतली शिक्षकाची जागा मिळत नाही.

आपल्या वाचकांपैकी ग्वाल्हेरकरांना लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था ठाऊकच आहे. १८५७ च्या शताब्दीनिमित्त १७ ऑगस्ट १९५७ रोजी ती झाशीच्या राणीच्या नावाने सुरू झाली, राणी पडली त्याच गावात. १९९५ पासून तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा आहे. बडोद्याला जुम्मादादा व्यायामशाळेची आणि प्रो. माणिकरावांची परंपरा, अमरावतीला १९१४ पासूनचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. या मंडळाचा संघ १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळ दाखवून आला. मराठी माणसाला व्यायामशाळा नवी नाही. तिचं पदवीत रूपांतर कसं करायचं, हे तेवढं अमरावतीने चांगलं दाखवलं.

तिसरी वाट रंजनाच्या आणि साहसाच्या खेळांची. ट्रेकिंग, राफ्टिंग, कयाक, स्कूबा. यात विद्यापीठाच्या पदवीपेक्षा सुरक्षिततेचं प्रमाणपत्र महत्त्वाचं. गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था पॉवरबोट चालवणं आणि जीवरक्षण यांचे छोटे कोर्स घेते. ती केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या ज्या संस्थेखाली येते, तिचं मुख्यालय ग्वाल्हेरात आहे. समुद्र इथे आणि मुख्य कचेरी तिथे! तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कूबा केंद्र आहे. गिर्यारोहणासाठी उत्तरकाशीची नेहरू संस्था, दार्जिलिंगची हिमालयन संस्था. कर्नाटकात जनरल थिमय्या यांच्या नावाची साहस अकादमी बेंगळुरात आहे.

याच वाटेवर पर्यावरणाचा विषय खऱ्या अर्थाने कामाला येतो. दांडेलीजवळ गणेशगुडीचं काळी नदीवरचं राफ्टिंग सुपा धरणातून पाणी सोडलं तर चालतं. सत्तरीत म्हादईवरचं राफ्टिंग पावसाळ्यापुरतंच. जानेवारी २०२४ मध्ये कुमार पर्वतावर झुंबड उडाली आणि कर्नाटकाने जंगलातले ट्रेक काही काळ थांबवून ऑनलाइन नोंदणीची अट घातली. त्याआधी २०२३ च्या पावसाळ्यात बुडून माणसं गेल्यावर गोव्याच्या वनखात्याने धबधब्यांवर जायला बंदी केली होती. गाईड म्हणून पोट भरणाऱ्याला पाणी कधी चढतं, कुठला पट्टा अभयारण्यात येतो, परवानगी कुणाची लागते, हे कळलं नाही तर धंदा तर बसतोच, जीवही जातात.

पर्यावरण हाच मुख्य विषय घ्यायचा तर

बी.एस्सी., एम.एस्सी. पर्यावरणशास्त्र हा वेगळा रस्ता आहे. कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठाचा पर्यावरणशास्त्र विभाग, इंदूरला देवी अहिल्या विद्यापीठात ऊर्जा व पर्यावरणाची शाळा, गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान. नेट परीक्षेतही पर्यावरणशास्त्र हा विषय आहे. कामं मिळतात ती प्रदूषण नियंत्रण मंडळ, कारखान्यांचे पर्यावरण विभाग, पाणी-हवेच्या प्रयोगशाळा आणि पर्यावरणीय आघात अहवाल करणाऱ्या सल्लागार कंपन्यांत. २००६ च्या अधिसूचनेनंतर मोठ्या प्रकल्पांना असा अहवाल लागतो, म्हणून ही मागणी टिकून आहे. आमच्यासारख्या कॉमर्सवाल्यांना एम.एस्सी.चं दार बहुधा बंदच, विज्ञान शाखा लागते.

राज्य ओलांडताना

बेळगावचा मुलगा कोल्हापूरला, सावंतवाडीचा पणजीला जाणं नेहमीचं. कर्नाटकाने २०२१ मध्ये नव्या धोरणाची चार वर्षांची रचना आणली आणि २०२४-२५ पासून परत तीन वर्षांवर आलं. त्यामुळे एकाच घरातल्या दोन भावंडांच्या गुणपत्रिका जुळत नाहीत. दुसऱ्या राज्यात जाताना तिथलं विद्यापीठ तुमचे पर्यावरणाचे, खेळाचे क्रेडिट मान्य करेलच असं नाही. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये खातं असेल तर नोंद राहते, पण समकक्षता ठरवते ती नवी संस्थाच. म्हणून फी भरण्याआधी तिथल्या पात्रता विभागात गुणपत्रिका दाखवा, अभ्यासक्रमाची शिक्का मारलेली प्रत जोडा आणि उत्तर लेखी मागा. तोंडी ‘चालतंय की’ यावर विसंबू नका. मायग्रेशन सर्टिफिकेटचा अर्ज निकालाच्या आठवड्यातच टाका, त्याला वेळ लागतो.