गोळीचे बूड आणि नळीचे तोंड

सन १८५७ च्या काडतुसांना लावलेल्या चरबीची कथा शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. परंतु ती चरबी मुळात लावावी कशासाठी लागे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. रायफलीच्या नळीत आतून पेचदार खाचा असतात. त्या गोळीला भोवऱ्याप्रमाणे फिरवितात, म्हणून गोळी सरळ जाते. तोंडाकडून भरावयाच्या बंदुकीत शिशाची गोळी आत अलगद सरकावी, आणि बाहेर पडताना मात्र खाचांत घट्ट बसावी, अशी दुहेरी गरज असे. सैन्याने ती चरबी आणि पोकळ बुडाची, फुगणारी गोळी यांच्या बळावर कशीबशी भागविली. लक्ष्यभेदाच्या शर्यतीत उतरणाऱ्यांना ही ‘कशीबशी’ मानवणारी नव्हती.

अमेरिकेतील ॲल्व्हन क्लार्क हा मूळचा चित्रकार. पुढे दुर्बिणीच्या भिंगांसाठी तो जगप्रसिद्ध झाला. व्याधाचा अंधुक जोडीदार तारा १८६२ मध्ये त्याच्या मुलाला दिसला, तो त्यांच्याच भिंगातून. ह्याच क्लार्कने १८४० मध्ये नळीच्या ‘उसन्या तोंडा’चे पेटंट घेतले होते. नळीच्या टोकाचा तुकडा कापून तो खुंट्यांनी पुन्हा जागेवर बसवावयाचा, खाचेला खाच मिळवून. गोळी त्यातून दाबून आत गेली की तुकडा काढून ठेवावयाचा आणि मग बार उडवावयाचा. गजाच्या घर्षणाने झिजेल ते उसने तोंड. खऱ्या तोंडाची कड शाबूत.

पुढे मागून भरावयाच्या बंदुका आल्या. १८७४ मध्ये न्यूयॉर्कजवळ क्रीडमूर येथे आयरिश आणि अमेरिकन संघांचा ८००, ९०० व १००० यार्डांवर सामना झाला. आयरिश नेमबाज तोंडाकडून भरीत, अमेरिकन मागून. अमेरिकनांचे गुण ९३४, आयरिशांचे ९३१. नव्या पद्धतीचा जयजयकार झाला; पण एका आयरिश नेमबाजाने शेजारच्या लक्ष्याचा मध्य अचूक वेधला होता, आणि त्याचे चार गुण बुडाले होते, हे जयजयकारात विसरले गेले.

जुन्या पद्धतीचे मर्म हॅरी पोप ह्या कारागिराने नेमके ओळखले. मागून ढकललेल्या गोळीचे शिसे खाचांवर घासून मागे ओढले जाते, आणि तिच्या बुडाच्या कडेला बारीक, असमान कंगोरे निघतात. गोळी नळीबाहेर पडताना मागचा वायू त्या कडेभोवती सारखा सुटत नाही, आणि गोळी किंचित कलते. तोंडाकडून, बूड पुढे करून घातलेल्या गोळीचे कंगोरे टोकाकडे राहतात, बूड निर्दोष. म्हणून पोपने दोन्ही पद्धती एकत्र केल्या. गोळी उसन्या तोंडातून गजाने थेट मागपर्यंत न्यावयाची, आणि दारू मात्र काडतुसाच्या नळकांड्यात घालून मागून भरावयाची. अनेक नेमबाज तर दिवसभर एकच नळकांडे पुन्हा पुन्हा भरून वापरीत. ज्यांना एवढी खटपट नको असे, ते लहानशा तरफेने गोळी मागून खाचांत सरळ बसवीत आणि तिच्यामागे नळकांडे सरकवीत. एका बारास वेळ लागे खरा. पण १९०१ मध्ये पोपच्या नळीतून रोलंड नावाच्या नेमबाजाने, बंदूक टेकूवर ठेवून, २०० यार्डांवरील दहा गोळ्या पाऊण इंचाच्या आत बसविल्या.

१९०६ च्या भूकंपात सॅन फ्रान्सिस्को येथील पोपचे दुकान नष्ट झाले. त्याने जर्सी सिटीत पुन्हा हत्यारे मांडली आणि १९५० मध्ये मृत्यू येईतो नावलौकिक राखला. नळीसाठी गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे थांबावे लागे, आणि ती थांबत.